दारात उभी होते, दिसले नाही

सभेचे अध्यक्ष मान्यवर श्री. बालाजीराव, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, ज्यांना आज आपण निरोप देत आहोत ते श्री. सुधींद्रराव, आणि मैलापूर, तांबरम, शोळिंगनल्लूरहून चेन्नईचं ट्रॅफिक सोसून आलेल्या माझ्या तंजावरी मराठी बंधुभगिनींनो, हरिप्रियाचा आपणा सर्वांना नमस्कार. आमच्या मराठीत तमिळ डोकावते, ते आपल्याला नवीन नाही. सांभाळून घ्यावे.

मघाशी अध्यक्षांनी सांगितलं की सुधींद्रराव त्यांच्या स्टुडिओतून स्वेच्छेने निवृत्त होत आहेत. शब्द किती छान आहे! मला चार शब्द कौतुकाचे बोलायला सांगितलंय. कौतुकच करणार आहे. पण ते करायचं तर काय घडलं ते सांगायला नको का?

आपल्यापैकी बहुतेक जण मला विमा कंपनीतली क्लार्क म्हणून ओळखतात. संध्याकाळी मी तमिळ नाटकांत कामं करायची. निवृत्तीनंतर एका वेब सीरिजमध्ये मला आईची भूमिका मिळाली. कॅमेऱ्यासमोरचं माझं ते पहिलंच काम. त्यात एक प्रसंग आहे. आई स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी आहे, मागे अंगणात भर दुपारचं ऊन. शेजारी सून. मुलगा गेल्याची बातमी येते. आईला एकही वाक्य नाही, रडणंही नाही. जे काय आहे ते चेहऱ्यावर. त्या एका प्रसंगासाठी दिग्दर्शकाने मला अख्खा दिवस उभं केलं, आणि शेवटी स्वतः डोळे पुसत आत निघून गेला. म्हणजे काम बरं झालं असावं, असं मी धरून चालले.

चित्रीकरण होतं एचडीआरमध्ये. म्हणजे काय, ते मला सुधींद्ररावांनी नंतर समजावलं. त्यात झगझगीत ऊनही दिसतं आणि सावलीतला चेहराही दिसतो. पण आपल्या घरातल्या साध्या टीव्हीला एवढा उजेड झेपत नाही. म्हणून चॅनेलसाठी दुसरी प्रत करावी लागते, एसडीआर. मोठ्या परातीतलं वाटीत बसवायचं. मग काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे कुणीतरी प्रसंग बघून ठरवावं लागतं. सुधींद्ररावांनी आयुष्यभर हेच केलं. ऊन थोडं उतरवायचं, चेहऱ्यापुरता उजेड हाताने सांभाळायचा. पण या मालिकेच्या वेळी स्टुडिओने नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. सगळ्या भागांना एकच माप लावलं, बटण दाबलं, प्रत चॅनेलला रवाना. त्याने अंगणातलं ऊन जपलं आणि सावली दाबून टाकली.

तो भाग चॅनेलवर लागला तेव्हा माझी आई, सईबाई, नवं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसली होती. मोबाइलवर तिला काही दिसत नसे, म्हणून ती चॅनेलची वाट पाहत थांबली होती. प्रसंग संपला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तू कोठे होतीस गे? दारात कोण काळं उभं होतं?"

"मीच होते, आई," म्हणाले. माझी समजूत काढावी की नाही, हे तिला कळेना.

एका मोठ्या दिग्दर्शकाने मला आपल्या पुढच्या कामात घ्यायचं ठरवलं होतं. त्यांच्या ऑफिसातून फोन आला. टीव्हीवर पाहिलं म्हणाले. "अम्मा, कॅमेरा तुम्हाला घेत नाही. चेहऱ्यावर काही उमटतच नाही." तेव्हापासून मला कुणी बोलावलेलं नाही.

चॅनेलची प्रत जिथे झाली त्या स्टुडिओत मी गेले ती भांडायला. सुधींद्ररावांनी मला आत बसवलं आणि मूळ प्रत लावली. पडद्यावर मी होते, माझ्या खऱ्या रंगाची. ओठाची एक बाजू जराशी थरथरत होती, हे मलाही ठाऊक नव्हतं. मी विचारलं, हे कोणी पाहिलं? ते म्हणाले, ज्यांच्याकडे महागडे टीव्ही आहेत त्यांनी.

मग त्यांनी आपल्या वेळात बसून तो प्रसंग साध्या टीव्हीसाठी हाताने नीट केला आणि दोन्ही प्रती घेऊन स्टुडिओच्या मालकांकडे, म्हणजे आपल्या आजच्या अध्यक्षांकडे गेले. ही प्रत चॅनेलला पाठवू, पुढच्या प्रक्षेपणात लावतील, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी तिथेच बसले होते. बालाजीरावांनी दोन्ही पाहिल्या आणि माझ्यादेखत म्हणाले, "चॅनेलची तक्रार कुठाय? त्याच दारात सून उभी आहे, ती तर छान दिसते."

सून गोरी होती, मंडळी.

सुधींद्रराव शांतपणे म्हणाले की माप गोऱ्या चेहऱ्यावर बेतलेलं असेल तर ते माप चुकलंय. त्यावर उत्तर आलं की फारच वाटत असेल तर सगळंच चित्र उजळ करा. त्यांनी तेही लगेच करून दाखवलं. अंगणाचं पांढरं फडकं झालं, आणि मी राख फासल्यासारखी दिसू लागले. बालाजीराव म्हणाले, हे चालेल. सुधींद्ररावांनी नकार दिला. पुढच्याच महिन्यात त्यांची खोली दुसऱ्याला मिळाली आणि त्यांना फायलींची नावं तपासायला बसवलं. अवघी हयात रंगांत घालवलेल्या माणसाला! त्यांनी राजीनामा दिला. हीच ती स्वेच्छा.

नीट केलेला प्रसंग पेनड्राइव्हवर घेऊन ते एकदा आमच्या घरी आले. आईला दाखवायला. पण घरात आईचं दिवसकार्य चाललं होतं. कळवायचं माझ्याच्याने झालं नव्हतं. ते थोडा वेळ भिंतीला टेकून बसले आणि खिशातलं काही बाहेर न काढता निघून गेले. पुढे महिन्याभराने पुन्हा आले, तेव्हा आम्ही दोघांनी आईच्याच टीव्हीवर तो प्रसंग पाहिला. मी स्पष्ट दिसत होते. माझ्याने शेवटपर्यंत बघवलं नाही.

सुधींद्रराव, उद्या तुम्ही कोइमतूरला मुलीकडे निघालात. तिथे तुम्हाला स्वस्थता लाभो. तुम्ही माझ्यासाठी भांडलात, हे या सभेत सांगायचं होतं. ते सांगून झालं. सभेच्या कार्यकारिणीचे आभार. अध्यक्षांचेही आभार, मी काय बोलणार ते त्यांनी आधी विचारलं नाही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण सर्वांनी मला क्षमा करावी.

बालाजीराव, तुमच्याकडे मात्र मी ती मागत नाही.

नमस्कार.