मामांचा रणगाडा

चहा राहू दे, आधी हे ऐका. माझे सासरे, म्हणजे आमचे तासगावचे मामा, फौजेत रणगाडा चालवायचे. लग्नाला दोन वर्षं झाली तरी माझ्याशी त्यांचं बोलणं "जेवला का?" एवढंच. म्हटलं, यांना खूश करायचंच. प्लॅस्टिकचा वीतभर रणगाडा आणून जोडला. जन्मात कधी ब्रश धरला नव्हता, पण तीन रविवार घालवून हिरवा रंग दिला, त्यावर गंज, त्यावर चिखल, सगळं रंगानंच, अगदी लढाईवरनं आल्यागत.

मामांनी फिरवून फिरवून बघितला. "ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी," म्हणाले. मी हवेत.

संध्याकाळी बघतो तर मामा ओसरीवर, मांडीवर रणगाडा, हातात दातांचा जुना ब्रश, शेजारी स्पिरिटची बाटली. हिरवा, गंज, चिखल, सगळं गेलेलं. नुसतं करडं प्लॅस्टिक.

"आवं मामा, हे काय केलं?"

"जावईबापू, मशीन एवढं घाण ठिवलं तर सायेब ग्राउंडला पळवतोय. तासभर घासलं, तवा कुठं निघालं."

मग तो माझ्या हातात देत पहिल्यांदाच हसले. "आता तेवढा रंग मारून घ्या."