घरून निघताना घेतलेली दुसरी गोळी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या रुग्णालयाचे अधीक्षकसाहेब. व्यासपीठावर बसलेल्या कर्करोग विभागाच्या प्रमुख डॉक्टरबाई. नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्य. आज ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत त्या आपल्या सिस्टर. समोर बसलेले डॉक्टर, नर्स, औषधं देणारी मंडळी, अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, टेलिफोन ऑपरेटर. आणि शेवटच्या रांगेत दाराजवळची खुर्ची धरून बसलेली माझी मुलगी. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'आपले पेशंटकाका' अशी करून दिली तेव्हा नव्या मंडळींनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. काळजी नको. मला गुडघ्यांपलीकडे काहीही झालेलं नाही. मी वजनमाप खात्यातला निवृत्त निरीक्षक. छत्तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले आणि मापांवर शिक्के मारले. आणि गेली अकरा वर्षं, दर पंधरा दिवसांनी बुधवारी, तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरांच्या वर्गात मी खाटेवर पडून पेशंटचं सोंग घेतो.

सभेची शिस्त मला ठाऊक आहे. आधी गौरव करायचा, मग आठवणी सांगायच्या, मग आभार मानायचे. त्याच क्रमाने जायचा प्रयत्न करतो. पण आधीच सांगून ठेवतो, मला आज एक गोष्ट बोलायची आहे, आणि ती आज राहिली तर कायमची राहील. सिस्टर उद्यापासून घरी असतील. एक ओझं त्या सगळंच्या सगळं आपलं समजून बरोबर नेतील, आणि त्यातलं निम्मं माझं आहे.

तर आधी गौरव. हा वर्ग काय आहे हे सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. कॅन्सरच्या पेशंटवर अचानक असे काही प्रसंग येतात की तिथे दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. ते ओळखायचे कसे आणि ओळखल्यावर करायचं काय, हे सिस्टर शिकवतात. त्या माझ्या हातात एक कागद देतात. त्यावर त्या दिवशीचं माझं दुखणं लिहिलेलं असतं. एखाद्या बुधवारी मला आठ दिवसांपूर्वी केमो दिलेली असते आणि अंगात कणकण असते. एखाद्या बुधवारी नुसती पाठ दुखत असते. पायांत बळ आहे का, लघवी नीट होते का, हे कुणी विचारलं नाही तर माझे पाय कायमचे जातात. एखाद्या बुधवारी मी नुसता गोंधळल्यासारखा बोलतो आणि सारखं पाणी मागतो. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असतं, आणि मंडळी समजतात की म्हातारपण आलंय. या इमारतीत माझ्याइतक्या वेळा दुसरं कुणी मेलं नसेल.

एका डॉक्टरांचं सांगतो. ते आज इथे आहेत, पण मी त्यांच्याकडे बघणार नाही. त्यांनी माझी विचारपूस केली, नाडी पाहिली, बीपी घेतलं, फाईल उघडली आणि लिहायला बसले. माझ्या कागदावर लिहिलं होतं, दहाव्या मिनिटाला बोलणं बंद करायचं. मी केलं. डॉक्टर लिहीतच होते. सिस्टरांनी पाच मिनिटं वाट पाहिली, मग वाकून फाईल पाहिली आणि म्हणाल्या, "अक्षर फार सुंदर आहे हो. पेशंट गेला."

त्यांच्यामागे पोरं त्यांना 'तासबाई' म्हणतात. सिस्टर, तुम्हाला हे माहीत नाही असं कुणी समजू नये म्हणून सांगतो. केमो झालेला माणूस ताप घेऊन दारात आला की तासाच्या आत पहिलं अँटिबायोटिक त्याच्या शिरेत गेलं पाहिजे. रक्त काढून पाठवा, पण रिपोर्टची वाट बघत बसू नका. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असल्या की साधा जंतूसुद्धा दिवसभरात माणूस गिळतो. हे त्यांनी नुसतं डॉक्टर-नर्सना नाही शिकवलं. अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरना शिकवलं, केसपेपर काढणाऱ्यांना शिकवलं. गेल्या महिन्यात एका बाईंनी तपासणीची तारीख पुढे ढकलायला फोन केला. आपल्या ऑपरेटरताईंनी सहज विचारलं, का हो, काय होतंय? बाई म्हणाल्या, थंडी वाजतेय जरा. शेवटची केमो कधी झाली? नऊ दिवसांपूर्वी. ऑपरेटरताई म्हणाल्या, तारीख राहू दे, तुम्ही आत्ता निघा, आणि निघताना ताप उतरायची गोळी घेऊ नका, मी खाली कळवून ठेवते. त्या बाई सहाव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेल्या. ऑपरेटरताईंचा सत्कार कुणी केला नाही, म्हणून मी आत्ता करून घेतो. टाळ्या वाजवल्यात तर बरं वाटेल.

आता आठवणी.

अध्यक्षांनी मघाशी मानपत्र वाचलं. त्यात एक वाक्य होतं, की सिस्टरांनी स्वतःच्या हातून झालेली चूक न लपवता तिच्यातून हा वर्ग उभा केला. वाक्य छान आहे. ते कशाबद्दल आहे हे वर्गातून गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, कारण शेवटी फळा पुसून झाला की सिस्टर दर वेळी तेच सांगतात. "एक बाई होती. हसत आली होती. मी तिला बाकावर बसवलं. ती माझ्यामुळे गेली."

ती बाई माझी बायको.

हे आपल्यापैकी दोघा-तिघांनाच माहीत होतं. सिस्टरांनी वर्गात कधी सांगितलं नाही आणि मीही नाही. खाटेवरचा काका आणि त्या गोष्टीतली बाई यांचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनात यायचं कारणही नव्हतं.

तेव्हा सिस्टर खाली कॅज्युअल्टीत होत्या. हिला दुसरी केमो होऊन दहा दिवस झाले होते. सकाळचे साडेअकरा असतील. डोक्याला रुमाल बांधलेला, हातात पिशवी, आणि समोरच्याला हसवल्याशिवाय हिला चैन पडायचं नाही. सिस्टरांना म्हणाली, "माझं काही नाही हो, लेकीने फोनवर डोकं खाल्लं म्हणून आलेय." सिस्टरांनी थर्मामीटर लावलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. त्या दिवशी एका बसला अपघात झाला होता, सगळीकडे धावपळ चालली होती. सिस्टर म्हणाल्या, "बसा जरा, डॉक्टर बोलावतील." आम्ही बाकावर बसलो. तीन तास बसलो. दुसऱ्या तासाला ती बोलायची थांबली, मला वाटलं दमली. तिसऱ्या तासाला मी तिचा हात धरला तर तो गार होता, आणि ती मला विचारत होती, आपण कुणाकडे आलोय? मग सगळे धावले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

महिन्याने सिस्टर आमच्या घरी आल्या. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी ड्यूटीवर मी होते. मी नाडी मोजली नाही, बीपी घेतलं नाही, तीन तासांत एकदा वळून पाहिलं नाही. मी चुकले. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून आले." माझ्या मुलीने दार लावून घेतलं. ती आज साडेअकरा वर्षांनी पहिल्यांदा या इमारतीत आली आहे, तीही मी हातापाया पडलो म्हणून.

सिस्टर दारात बोलत होत्या तेव्हा मी मुलीच्या मागे उभा होतो. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं नाही.

कारण असं, की त्या दिवशी सकाळी आठ वाजता हिला एकशे एक ताप होता. मी स्वतः पाहिला. मी तापाची गोळी दिली. मग मुलीचा फोन आला, आईला आत्ताच्या आत्ता दाखवून आणा. ती दुसऱ्या गावी नोकरीला, आठ महिन्यांनी दुसऱ्या दिवशी घरी यायची होती. ही म्हणाली, "तिथे अंग तापलेलं लागलं तर ठेवून घेतील. पोर येणार आणि मी घरी नसणार का?" मी म्हटलं, खरंय. घरून निघताना मी आणखी एक गोळी काढली, पाण्याचा पेला भरला आणि दोन्ही तिच्या हातात दिलं.

चिमणे, उठू नकोस. एवढं ऐक, मग जायचं तर जा. तू फोन केलास ते बरोबर केलंस. तुझी आई लाडाने बोलली, तेही समजू शकतं. डबीतून गोळी काढणारा हात माझा होता, आणि तेव्हा मला ताप नव्हता.

कॅज्युअल्टीत सिस्टरांनी विचारलं होतं, ताप होता का? मी म्हटलं, "थोडी कणकण होती." छत्तीस वर्षं मी लोकांच्या तराजूतली खोट पकडली. पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक मी लांबून ओळखायचो. आणि त्या दिवशी थर्मामीटरला मीच खोटं बोलायला लावलं, आणि ते खरं बोलतंय असं समजून निश्चिंत बसलो.

सिस्टर दारात आल्या तेव्हा हे मला अर्धवट कळत होतं. पुरतं कळून घ्यायचं नव्हतं. सहा महिन्यांनी त्यांचा निरोप आला, की वर्ग सुरू करायचा आहे, पेशंट म्हणून कुणीतरी हवं, तुम्ही याल का? मुलीने मला वेड्यात काढलं. मी गेलो. मनात होतं की मी मोठ्या मनाचा माणूस आहे, या बाईवर उपकार करतोय. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

पहिल्याच वर्गात मी खाटेवर पडलेलो, आणि सिस्टर मुलांना सांगायला लागल्या. "तापाची गोळी घेतली असेल तर थर्मामीटर गप्प बसतं. जंतू गप्प बसत नाही. म्हणून आकडा पाहून पेशंटला बाकावर पाठवायचं नाही. आधी विचारायचं, गोळी घेतलीत का, कधी घेतलीत, किती घेतल्यात." मी डोळे मिटून घेतले. मुलांना वाटलं, काका काय सुरेख सोंग करतात.

वर्ग संपला. फळा पुसला. सिस्टर म्हणाल्या, "ती माझ्यामुळे गेली." आणि मी खाटेवरून उठलो, चपला घातल्या, चहा प्यायलो आणि घरी गेलो.

असं एकदा नाही झालं. अडीचशेच्या वर बुधवार झाले. प्रत्येक बुधवारी एक बाई चाळीस जणांसमोर उभी राहून तो दोष पुरा आपल्या अंगावर घेते, आणि चार हातांवर एक माणूस पडून ते ऐकतो. मला भीती कशाची होती? सिस्टरांची नव्हती. मुलगी मला काय म्हणेल याची होती. तिच्या नजरेत आई गमावलेली आम्ही दोघं एका बाजूला होतो आणि सिस्टर दुसऱ्या बाजूला. ती बाजू सोडायची माझी छाती झाली नाही.

फक्त एकदा झाली, तीही अर्धी. वर्ग सुरू होऊन पाच-सहा महिने झाले असतील. माझ्या कागदावर लिहिलेलं असायचं, गोळी घेतली का असं विचारलं तर 'नाही' म्हणा. त्या दिवशी एका मुलीने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो. दोन. दुसरी घरून निघताना." सिस्टर फळ्याशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पुढच्या वेळी कागद हातात आला तेव्हा त्यावर तेच उत्तर लिहिलेलं होतं, त्यांच्या अक्षरात. त्यानंतरही त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि वर्गाच्या शेवटी त्यांनी आपलं वाक्यही बदललं नाही. सिस्टर, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही मला झाकलंत. निदान आज तरी नाही म्हणू नका.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटांची पंधरा झाली याची मला कल्पना आहे. पण या रुग्णालयात मला जास्त वेळ बाकावर बसवलं होतं, तेव्हा एवढी सूट मिळावी.

आभार मानतो. अधीक्षकसाहेबांनी वर्गाला खोली दिली आणि कधी परत मागितली नाही, त्यांचे आभार. नव्या सिस्टर पुढच्या बुधवारपासून वर्ग घेणार आहेत, त्यांचे आधीच आभार मानून ठेवतो. मला मरताना पाहून ज्यांना खरंच वाईट वाटलं त्या सगळ्या मुलांचे आभार, आणि ज्यांनी मला वाचवलं त्यांचे जरा जास्त. पुढच्या बुधवारपासून फळा पुसून झाला की शेवटचं बोलायला मी उभा राहणार आहे. नव्या सिस्टरांना मी तसं सांगितलं आहे. गोळी कुणी दिली आणि कॅज्युअल्टीत काय लपवलं, हे मुलांनी माझ्याच तोंडून ऐकायला हवं, कारण त्यांच्यासमोर येणारी माणसं माझ्यासारखीच असणार आहेत. प्रेमापोटी खोटं बोलणारी.

वक्त्याने शेवटी म्हणायचं असतं, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. मला ते सगळ्या सभागृहाला म्हणायचं नाही. दोघींनाच म्हणायचं आहे. मुली, तुझ्याकडे माफी मागतो, पण आजच दे असं नाही. तुला लागेल तेवढा वेळ घे, घरी येऊन भांड, अबोला धर, चालेल. आणि सिस्टर, तुम्ही आता घरी जा, आणि जाताना ते सगळं नेऊ नका. तिला बाकावर आपण दोघांनी बसवलं होतं.