सेकंड बेसच्या अलीकडे

(कोळशाच्या खाणीशेजारचं राजूरचं मैदान. महिला बेसबॉल टीमची निवड चाचणी संपली आहे. बाकीच्या मुली गेल्या. कॅचर मैत्रेयी पायांचे गार्ड सोडत बसली आहे. शेजारी कोच साधनाताई.)

मैत्रेयी : म्हणजे एका थ्रोवरून मले काढाचं ठरवून राह्यल्या तुमी? इतक्या वर्साचा खेळ, अन् एक थ्रो?

साधना : एक नाही. आज फर्स्ट बेसवरून रनर सेकंडकडे पळाली, त्या प्रत्येक वेळी तुझा बॉल सेकंड बेसच्या अलीकडे पडला.

मैत्रेयी : कोळशाची धूळ किती होती पाह्यलं ना? बॉल हातातून सटकत होता.

साधना : मलिकाही त्याच बॉलने खेळली.

मैत्रेयी : मलिका! ते राळेगावची पोट्टी? पिचर घाबरली त तिले सांभाळन कोन? कोनती बॅटर कायले चिडते, हे समजते का तिले?

साधना : नाही समजत. दोन सीझन लागतील तिला.

मैत्रेयी : मंग घ्या ना दोघीले. एवढा सीझन मी खेळीन, तिले शिकवीन.

साधना : पंधरा जणींच्या टीममध्ये दोन कॅचर घेतल्या की एक पिचर कमी पडते. आणि मी दरवर्षी हेच म्हणते मैत्रेयी. यंदा जुन्यांवर निभावून नेऊ, नव्यांचं पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी त्या नव्या असतात कुठे? एक पुण्याला कंपनीत, एक सासरी.

मैत्रेयी : मागल्या सालचं काहून नाई बोलत? लीगमंधी माह्याएवढ्या रनर कोन आउट केल्या? पेपरात फोटो आलता. एका वर्सात हात म्हातारा होते का, ताई?

साधना : गेल्या वर्षी सेकंड बेसवर कोण होतं?

मैत्रेयी : गझाला. तिचं काय?

साधना : कुठे उभी राहायची ती?

मैत्रेयी : उभी कुठं राहे बाप्पा! सारखी पुढं पुढं धावे. तुमी मैदानभर वरडा, 'गझाला, बेस सोडू नको!' त्याच्यापायीच त काढलं तिले.

साधना : हो. त्याच्यापायीच काढलं.

मैत्रेयी : मंग?

साधना : रनर पळाली की ती बेस सोडून तुझ्या दिशेने यायची. तुझा बॉल हवेतच घ्यायची, गर्रकन मागे वळून रनरला टेकवायची. जमलं की टाळ्या तुझ्या थ्रोला. उशीर झाला की चूक गझालाची.

मैत्रेयी : कायच्या काई! मले दिसलं नसतं?

साधना : तू मास्क काढेपर्यंत अम्पायरचा हात वर गेलेला असायचा. मी तर समोर उभी होते. मला तरी कुठे दिसलं? आज तिथे सत्यभामा होती. मी शिकवलं तशी बेसला चिकटून राहिली. बॉल तिच्यापर्यंत आलाच नाही.

मैत्रेयी : थांबा. थांबा जरा... पुसदच्या मॅचीत रनर धडकलती तिले. गुडघा फुटला होता. मी म्हटलं, 'काय व बाई, तुले एका जागी उभं राह्यता येत नाई का?'

साधना : मग?

मैत्रेयी : हासली. 'आदत है ताई,' म्हने.

साधना : हं.

मैत्रेयी : काढलं तवा तरी बोलावं ना तिनं! तोंड नोतं का तिले?

साधना : ती बोलली असती, तर मी तुला काढलं असतं. पाणी घे.

मैत्रेयी : नोको. मलिकेचं नाव टाका. अन् गझालाले बोलवा, ताई. सेकंड बेसवर तिच्यासारखी नाई कोनी.

साधना : मघाशी चाचणी संपल्याबरोबर फोन केला. तिच्याच तोंडून कळलं हे सगळं. येत नाही म्हणाली. उमरखेडला खालाच्या, म्हणजे मावशीच्या, दुकानात बसते. आता हात बसायचा नाही म्हणे.

मैत्रेयी : राग असन तिले माह्या.

साधना : नाही गं. तिने एकच मागितलं.

मैत्रेयी : काय?

साधना : मैत्रेयीताईला कळू देऊ नका, म्हणाली.

मैत्रेयी : ...मंग तिले सांगू नोका, मले समजलं म्हून.