पारधीला कोणती बंदूक?

गोकुळदास : डोळे मीट पाहू. अगदी घट्ट. आणि समज, तू काजूच्या रानातून चालली आहेस. पायाखालचा पाचोळा वाजू द्यायचा नाही. पुढे करवंदीच्या जाळीमागे भेकर उभं आहे, कान टवकारून. आता सांग, खांद्यावर या दोन बंदुकांतली कोणती हवी?

गौरवी : दुनळी.

गोकुळदास : एवढ्या लवकर? भेकर तरी नीट पाहिलंस का?

गौरवी : पाहिलं. दुनळीच हवी, आजो.

गोकुळदास : का, ते सांग. नुसत्या उत्तराने माझं समाधान होत नाही, ठाऊक आहे ना तुला?

गौरवी : ती... चकचकीत आहे.

गौरेश : काका, हयसर शाळा भरयलास काय? थय देवळाकडे सगळे जमले. मानकरी गावकरान पेंढ्याचो भेकरू उभो केल्यान सुद्धा. माका एक बंदूक द्या, मी चललंय.

गोकुळदास : बस रे गौरेश. चहा होतोय. गेल्या वर्षी प्रमोदचं सुतक होतं म्हणून देवाच्या पारधीला, गावाच्या शिकारीला, आपल्या घरची बंदूक गेली नाही. यंदा जाणार. कोणती, ते घरातल्यांनी ठरवायचं. तुझा तो चुलतभाऊ होता, पण हिचा बाप होता.

गौरेश : त्यात ठरवूचा काय? प्रमोददादाची ठासणीची घेवया. त्याच्या नावान एक बार काढतंय. सगळ्यांका बरा वाटतला.

गौरवी : नको! ठासणीची जड आहे. तिला गंज चढलाय. आणि दुनळीचे दोन बार उडतात, गौरेशकाका. गावकर खूश होतील.

गौरेश : अगो बाये, भेकरू पेंढ्याचो. पयल्या बाराक चुकलो, तर काय पळान जातलो तो?

गौरवी : आजो, पूर्वी खरं भेकरच मारायचे?

गोकुळदास : मारायचे. ज्याचा बार लागला त्याला मुंडकं, आणि मग घरटी एकेक वाटा. बंदूक घेऊन आलेल्या घराला दोन. आता कायदा आहे. आणि कायदा नसता तरी रानात भेकरं कुठे उरलीत? म्हणून पेंढ्याचं. देव काही तक्रार करत नाही.

गौरेश : काका, उशीर जाता.

गोकुळदास : होऊ दे. गौरवी, हा गज बघ. ठासणीची बंदूक हातात घ्यायच्या आधी पहिलं काम हे. नळी रिकामी असेल, तर गज थेट तळाला टेकतो आणि ही खूण नळीच्या तोंडाशी येते. गौरेश, घाल बघू. नळी वर. माझ्या तोंडाकडे नव्हे रे!

गौरेश : रिकामीच आसतली... काका.

गोकुळदास : काय झालं?

गौरेश : खूण वरच रवली. चार बोटां वर.

गोकुळदास : बाहेर काढ. पुन्हा घाल, सावकाश.

गौरेश : तितकीच.

गोकुळदास : म्हणजे ठासलेली आहे. ठेव ती चटईवर, तोंड भिंतीकडे. ठिणगी पाडणारी केप नाही ना वर?

गौरेश : केप नाय.

गोकुळदास : बरं. गौरवी, इकडे ये. माझ्याकडे बघ. तुला ठाऊक होतं?

गौरवी : ...हो.

गौरेश : देवा रे! वर्सभर भिंतीर ठासलेली बंदूक, आणि ह्या पोरग्यान तोंड उघडूक नाय!

गोकुळदास : ओरडू नको तिच्यावर. आपण मोठे होतो, आपण तरी कुठे हात लावला तिला? सांग बाळ. कधी ठासली त्याने?

गौरवी : शेवटच्या संध्याकाळी. केळीत रानडुकरं शिरत होती ना. मी बॅटरी धरली होती. बाबांनी दारू घातली, छर्रे घातले, आणि शेवटी मलाही गज दाबू दिला. डुकरं आलीच नाहीत. मग बाबांनी केप काढली आणि म्हणाले, राहू दे, उद्या बघू. सकाळी केळी घेऊन म्हापशाला गेले.

गोकुळदास : शुक्रवारचा बाजार.

गौरेश : त्या ट्रकवाल्याच्या...

गोकुळदास : गौरेश.

गौरेश : नाय, कायव नाय म्हणणंय.

गोकुळदास : मला का नाही सांगितलंस, गौरवी?

गौरवी : सांगितलं असतं तर तुम्ही उडवली असती.

गोकुळदास : उडवली असती.

गौरवी : मग? बाबांच्या चपला आईने देऊन टाकल्या. बाईक भंगारात गेली. शर्ट आहेत, पण आता त्यांना नुसता साबणाचा वास येतो. बंदुकीत जे आहे ते बाबांनी भरलंय. त्यानंतर कुणीच त्याला हात लावलेला नाही.

गौरेश : ...काका, दुनळीच घेवया तर. ही रवांदे थयच, भिंतीर.

गोकुळदास : आणि सोमवारी काय करू? हिचा परवाना प्रमोदच्या नावावर होता. सोमवारी ही पेडण्याला पोलीस ठाण्यात जमा करायची आहे. भरलेली बंदूक मी त्यांच्या टेबलावर ठेवू?

गौरवी : देऊच नका ना.

गोकुळदास : द्यावी लागेल, बाळ. मी न सांगता तशीच दिली, तर उद्या एखाद्याच्या जिवावर बेतेल. सांगून दिली, तर ठाण्याच्या मागे नेऊन कुणीतरी उडवेल. कुणाचा बार होता, हे त्याला कशाला माहीत असेल?

गौरवी : आतलं काढून डबीत नाही ठेवता येणार?

गोकुळदास : येईल की. पेडण्याला तो बंदुका दुरुस्त करणारा आहे, तो आत पाणी ओतून काढून देईल. डबीत काळा चिखल येईल आणि थोडे छर्रे. तसं हवं असेल तर तसं करू. नीट विचार कर. मला घाई नाही.

गौरेश : गावकराक आसा.

गोकुळदास : गावकराला म्हणावं, विडी ओढ.

गौरवी : आजो, दारू अजून पेटेल?

गोकुळदास : अख्खा पावसाळा भिंतीवर गेलाय तिचा. सांगता येत नाही.

गौरवी : पुढच्या वर्षी?

गोकुळदास : पुढच्या वर्षी आणखी ओल धरेल. त्यानंतर आणखी.

गौरवी : म्हणजे कुणाला कळलं नसतं तरी... ते आतल्या आत गेलंच असतं?

गोकुळदास : हो गो. गेलंच असतं.

गौरवी : मला चिखल नको.

गोकुळदास : बरं.

गौरवी : ठासणीची न्या. पण मी पण येणार.

गौरेश : आता ह्या काय नवीन! चेडवां पारधीक येनत नाय. गावकर माका कच्चो खातलो.

गोकुळदास : मुली येत नाहीत खरं, पण घरच्या बंदुकीमागे घरचं माणूस चालतं, हाही रिवाज ना? आमच्या घरात आता चालणारं आहे कोण? माझे हे गुडघे, आणि ही.

गौरेश : ...सांगतंय मी गावकराक. चल बाये, चपला घाल. आणि थय काय बोलू नको, मी बोलतंय.

गोकुळदास : आणि दोरी घे, लांब. जुना बार हातात धरून उडवायचा नसतो. नळी फुटली तर माणूस जायचा. बंदूक धोंड्याला बांधायची, तोंड मेरेकडे, त्या चिऱ्यांच्या बांधाकडे करायचं आणि चापाला लावलेली दोरी दुरून ओढायची.

गौरेश : मग भेकरू कोण मारतलो?

गोकुळदास : त्याला बाकीची घरं आहेत. आमच्याकडून त्याला यंदा जीवदान.

(रानाच्या कडेला, चिऱ्यांच्या मेरेसमोर. गोकुळदासही काठी टेकत आलेला. बाकीची माणसं लांब, पेंढ्याच्या भेकराभोवती.)

गौरेश : बांधली. हलवन बघितलंय, जाग्यार घट्ट आसा. केप लावलंय.

गोकुळदास : ये मग इकडे, झाडामागे. मेरेपलीकडे कुणी नाही ना?

गौरेश : जावन बघान इलंय. काका, नाय पेटली तर?

गोकुळदास : तर इथेच बसायचं बराच वेळ. लगेच कुणी जवळ जायचं नाही.

गौरवी : दोरी कोण ओढणार?

गोकुळदास : तूच सांग.

गौरवी : मी.

गौरेश : काका, बारको जीव तो...

गोकुळदास : दे तिच्या हातात. दोन्ही हातांनी धर, गौरवी. हिसका मारू नको. आधी सावकाश, दोरी ताणेपर्यंत.

गौरवी : बाबा पण असंच म्हणायचे. आधी सावकाश. सायकल शिकवताना, पोहायला शिकवताना.

गोकुळदास : हं. त्याला सायकल मी शिकवली होती.

गौरवी : आजो, तुम्ही रडू नका, नाहीतर मला ओढता येणार नाही.

गोकुळदास : नाही रडत. धूर यायच्या आधीच डोळ्यांत गेला. ताणलीस?

गौरवी : ताणली.

गौरेश : रव गो! तुझे दोनय हात दोरयेर, कान उघडे. रव, मी मागसून झाकतंय.

गौरवी : नको, काका. हात काढा.

गौरेश : मोठो आवाज जातलो गो.

गौरवी : होऊ दे. मला ऐकायचाय.