न्हाणीघरामागचं पॉवरहाउस

—नाही नाही, फ्यूज काढा की, मी कुठं नको म्हणतो? मीटर तपासायला आलेल्या माणसाला अडवणारा मी कोण—जन्मभर मी वीजखात्याचंच मीठ खाल्लंय. फक्त स्वल्प थांबा, टाकी भरू दे. तुम्ही आपल्यातलेच निघालात, चिदंबर, मराठी बोलता, म्हणून सांगतो. येसाजीरावांच्या, म्हणजे माझ्या, घरात म्हातारा-म्हातारी दोघंच, आणि करंट जळतो पिठाच्या गिरणीएवढा, म्हणजे काहीतरी भानगड आहे—असंच लिहून दिलं ना शेजारच्या नरसिंहमूर्तींनी? त्यांचं काय चुकलं? रात्रंदिवस ही घरघर ऐकून मीसुद्धा तक्रार केली असती, माझीच.

या, इकडं या, न्हाणीघरामागं. बघा. सायकलचं चाक, त्याला स्वयंपाकघरातल्या पळ्या डाग देऊन जोडल्यात. टाकीतलं पाणी वरून पळ्यांवर पडतं, चाक फिरतं, डायनामो फिरतो, तो एवढासा बल्ब लागतो. पाणी खालच्या हौदात, हौदातून पंपानं परत टाकीत. आणि पंप कशावर चालतो? करंटावर. हसा, हसा. जग आवळा देऊन कोहळा काढतं, मी कोहळा देऊन आवळा काढतो. आमचे खापरपणजोबा महाराजांच्या घोडदळात होते, माझ्या वाट्याला आली हॉर्सपॉवर—आणि म्हातारपणी तीही पळ्यांची. कावेरीकाठच्या पॉवरहाउसात मी टर्बाइन सांभाळायचो तेव्हा पाणी आपणहून यायचं, करंट देऊन पुढं शेतांकडं जायचं. दसऱ्याला अर्धं म्हैसूर उजळलं की मी मिशीला पीळ देत हिंडायचो, जसा काही कड्यावरून मीच पडलो होतो.

बल्बासाठी नाही हो हे. बल्ब सुम्ने, उगीच. हे सगळं आवाजासाठी. आमची क्वार्टर्स मशीनघराला लागूनच होती. लग्न होऊन आली तेव्हा गिरिजाला त्या घरघरीनं झोप लागेना, पुढं घरघरीशिवाय लागेना. तिथल्या सगळ्या बायकांचं तसंच—मशीन चालू तर नवरा धड आहे, मशीन थांबलं की पोळी तव्यावर टाकून फाटकाशी. एकदा असंच थांबलं, तेव्हा माझ्या जोडीच्या वेंकोबाला चौघांनी उचलून आणला होता. तेवढं ही विसरली नाही. बाकी सगळं विसरली—हे घर, मुलं, मी. मी तर पहिला. मला तात्या म्हणते, चहा देते आणि सांगते, 'बसा तात्या, आमचे हे ड्यूटीवरनं येतीलच.' फार जीव आहे हो तिचा नवऱ्यावर. मला कधी कधी त्याचा हेवा वाटतो.

आवाज बंद झाला की निघते. गेल्या उन्हाळ्यात देवराज मोहल्ल्यापर्यंत पोचली, अनवाणी. मी मागून ओरडतोय, अगं मी इथं आहे, धडधाकट आहे—पण परक्या म्हाताऱ्यासाठी ती कशाला थांबेल? म्हणून हे चाक. काढा आता फ्यूज, टाकीत पाणी आहे तोवर ते चालतं, तेवढ्यात तुमचं काम—काय? काढलाय? केव्हा? इकडं मागं यायच्या आधीच? अय्यो. पंप बंद झालेला मला कळला नाही, आणि म्हणे टर्बाइनवाला. बोलायला लागलो की माझं हे असं होतं.

ऐका, चाक जड झालं. आता ते बंद पडणारच, फ्यूज परत लावलात तरी टाकी भरायला वेळ जाईल. आलीच बघा, पदर सावरत. चिदंबर, तुमच्या अंगात खाकी शर्ट आहे, बरं झालं. माझं तिला पटत नाही. तुम्ही खात्याचे, तुमचं ऐकेल. एवढंच सांगा—येसाजीराव बरे आहेत, शिफ्ट संपली की घरी येतील. सांगा की. ती तुम्हालाच विचारतेय.