खांद्यावरची चार बोटं

फोटोवाला : खांद्यावरची ही चार बोटं काढून टाकू ना, काकू? कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम आहे.

काकू : अजिबात नाही.

फोटोवाला : अहो, माणूस कापलेला आणि बोटं तेवढी राहिलेली! बघणाऱ्याला वाटेल, मागे भूत उभं आहे.

काकू : भूत नाही. माझी थोरली बहीण आहे ती. ताई.

फोटोवाला : बरं बरं. मग ताईंना कापलं कोणी?

काकू : मी. कात्रीनं. एक्केचाळीस वर्षं झाली. बोटं कापायची तर माझा खांदाही गेला असता, म्हणून राहिली.

फोटोवाला : आता ताई आणायच्या कुठून? शाईच्या डब्यात तर नाहीत माझ्या.

काकू : हा घ्या. तोच फोटो, अख्खा. ताईच्या मुलानं पाठवलाय. ती गेली मागच्या महिन्यात. घर आवरताना सापडला म्हणे. या दोन्हींवरून मला एक चांगला छापून हवाय.

फोटोवाला : बघू... अरेरे, हा पार उडालाय. रंग नावालासुद्धा नाही. तुमचा अर्धा मात्र जवळजवळ होता तसाच. कुठे ठेवला होतात?

काकू : ट्रंकेत, तळाशी, वहीत घालून. बघायचाच नव्हता ना! तिनं नीट ठेवला नसणार. पडला असेल कुठल्या तरी कोपऱ्यात.

फोटोवाला : कोपऱ्यात पडलेला फोटो असा उडत नाही, काकू. ही कड बघा. चारी बाजूंनी बोटभर पट्टी, तिथं रंग शाबूत आहे. तेवढा भाग चौकटीखाली होता, बाकीचा उन्हानं खाल्ला. हा भिंतीवर लावलेला होता. खिडकीसमोर.

काकू : किती वर्षं?

फोटोवाला : एवढा उडायला वीस-पंचवीस तरी हवीत. जास्तच.

काकू : खिडकीसमोर.

फोटोवाला : पाणी देऊ का?

काकू : नको. तुम्ही काम करा तुमचं.

फोटोवाला : करतोय. हे मशीन फोटो वाचेपर्यंत वेळ जातो जरा... भांडण कशावरून झालं होतं? सांगायचं नसेल तर राहू द्या.

काकू : आईवरून. वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहील, असं ठरलं होतं. मी एकटी. तिच्यासाठी खोली रंगवून घेतली, पलंग आणला. आणि ताई परस्पर तिला स्वतःकडे घेऊन गेली. मला एका शब्दानं विचारलं नाही.

फोटोवाला : तेव्हापासून बोलणंच बंद?

काकू : मी टेलिफोन एक्स्चेंजला होते. आठ दिवसांनी तिचा ट्रंककॉल आला, नेमका माझ्याच बोर्डावर. “तिथं माझी धाकटी बहीण कामाला आहे, तिला जरा बोलवता का?” माझा आवाज ओळखला नाही तिनं. ड्यूटीवर आमचा आवाज वेगळाच असायचा.

फोटोवाला : मग?

काकू : “त्या रजेवर आहेत,” म्हणाले.

फोटोवाला : अहो काकू!

काकू : असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा म्हणाली, “निरोप द्याल का? म्हणावं, तुझ्याकडे तीन जिने. आईचे गुडघे गेलेत, ती वर चढली की खाली उतरणार नाही. म्हणून आणलं. रागावू नकोस.” मी म्हणाले, “देते.”

फोटोवाला : म्हणजे निरोप मिळाला की तुम्हाला.

काकू : मिळाला. तिला मात्र कधी कळलं नाही. आणि ऐकून राग आणखीच वाढला. खरं होतं ना ते.

फोटोवाला : ...ताईंच्या स्वेटरचा रंग कोणता होता? कडेच्या पट्टीत तो आलेला नाही, आणि इथं नुसतं राखाडी दिसतंय.

काकू : आठवत नाही. आठवायला हवा होता.

फोटोवाला : थांबा, तुमच्या तुकड्यात बोटांमागे बाहीची कड आलीय. हिरवी. चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखी. झालं काम. इथून रंग उचलतो आणि अख्ख्या स्वेटरला देतो.

काकू : बोटं काढली असती तर?

फोटोवाला : तर मी आपला अंदाजानं निळा दिला असता. चला, आता छापू. वरून खाली, रेघ रेघ करत येतो. दम धरा.

काकू : केस आले... कपाळ... अगबाई, डाव्या भुवईवरचा व्रण! मी पाटी मारली होती.

फोटोवाला : हात नका लावू! शाई ओली आहे, चेहऱ्यावर डाग पडेल.

काकू : नाही लावत.

(मशीन थांबतं.)

फोटोवाला : नीट वाळायला तासभर तरी लागेल. तोवर घरी जाऊन आलात तरी चालेल.

काकू : घरी कोण आहे? तुमची हरकत नसेल तर इथंच बसते.

फोटोवाला : बसा की. खुर्ची पुढे ओढून घ्या.

काकू : बावीस वर्षांची आहे हो ही इथं. एवढीशी पोर.