अडलीस तर अडलीस

सिस्टर : ...ॲण्ड अ गुड लीडर मस्ट... मस्ट...

मास्तर : इन्स्पायर!

सिस्टर : सांगितलंत ना परत?

मास्तर : अगं, अडलीस म्हणून. ऐकून ऐकून मलाच पाठ झालंय ते.

सिस्टर : मागच्या वेळी इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत अशीच अडले आणि शेजारी बघत बसले. शेजारी भिंत! परीक्षक माझ्याकडे बघतोय आणि मी तुमची वाट बघतेय.

मास्तर : म्हणजे नापास मीच झालो म्हण की.

सिस्टर : चेष्टा नको. उद्या पुन्हा नापास झाले, तर परदेशातल्या हॉस्पिटलची नोकरी गेली. ते काय माझ्यासाठी जागा अडवून बसणार आहेत?

मास्तर : बरं बाई. हे बघ, शिलाईचं मशीन बंद. गिऱ्हाइकं बसू देत बोंबलत. आता मी परीक्षक. नेत्याच्या अंगी कोणते गुण हवेत?

सिस्टर : दूरदृष्टी, आत्मविश्वास, निर्णयक्षमता...

मास्तर : हे क्लासवाल्यांचं. तू पाहिलेला नेता सांग. आधी मराठीतच सांग.

सिस्टर : मी कुठला नेता पाहणार? सभेला तरी गेलेय का कधी?

मास्तर : सभेतलाच कशाला हवा? वॉर्डात घाबरलीस की कुणाकडे बघतेस?

सिस्टर : मेट्रनबाईंकडे.

मास्तर : का?

सिस्टर : मी नवीन होते तेव्हा. एका आजोबांची शीर सापडेना. दोनदा टोचून चुकले. वाटलं, बाई आता सुई काढून घेणार. तर त्यांनी आपलेच हात पाठीमागे बांधले. म्हणाल्या, ‘घाई नाही. बोटानं चाचपून बघ.’

मास्तर : आणि आजोबा?

सिस्टर : ते ओरडतायत, ‘बाई, तुम्हीच टोचा हो!’ बाई हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

मास्तर : सापडली शेवटी?

सिस्टर : सापडली. तेव्हापासून सुई धरताना घाबरले नाही मी.

मास्तर : कमाल आहे. मी तर सुई हिसकावलीच असती.

सिस्टर : ते काय सांगायला हवं? लेकीच्या चित्रात रंगसुद्धा तुम्हीच भरता.

मास्तर : झालं का माझं कौतुक? आता हेच इंग्रजीत सांग.

सिस्टर : आणि अडले तर?

मास्तर : अडलीस तर अडलीस.

(ती इंग्रजीत सांगू लागते. मध्येच थांबते. मास्तर ओठ घट्ट मिटून हातातल्या कापडाची घडी घालत राहतो. बऱ्याच वेळानं तिला वाक्य सुचतं आणि ती शेवटपर्यंत जाते.)

सिस्टर : पोचले बाई एकदाची! ‘धीर’ला शब्दच आठवेना. मग म्हटलं, शी वेटेड फॉर मी. चालेल?

मास्तर : चालेल काय, धावेल.

सिस्टर : तुम्हाला येत होता ना तो शब्द?

मास्तर : अगदी जिभेवर होता.

सिस्टर : अहो... मी पास झाले, तर तुम्हा बापलेकीला तिकडे बोलावेपर्यंत वर्ष तरी जाईल. कळतंय ना?

मास्तर : कळतंय. नको वाटतं गं. चल, पहिल्यापासून म्हण बघू पुन्हा.